उपासक कोणाला म्हणावे?



गडमुडशिंगीला एका वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. दिवसभर कोणी उसाच्या फडात, कोणी गोकुळ शिरगावच्या कारखान्यात, कोणी गांधीनगरच्या पेठेत ओझी उचलायला गेलेले; ही सारी मंडळी रात्री जेवणखाण आटोपून वाचनाला बसत. एका रात्री वाचन संपले, सतरंज्या गुंडाळण्याची घाई सुरू झाली, तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या एका वयस्कर बाईंनी विचारले, “गुरुजी, आमी दीक्षा घेतली. पाढं पाठ करावं तसं पंचशील बी पाठ केलं. पर भंतेजी वर्षातनं एकदा येनार. ते गेल्यावर बाकीचं तीनशे चौसष्ट दिवस आमी कोन?”

मी त्यांना त्या रात्री थोडक्यात उत्तर दिले. ते मला स्वतःलाच पुरेसे वाटले नाही. म्हणून हा पाठ लिहीत आहे. ज्या कुटुंबांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे, त्यांनी तो घरात मोठ्याने वाचावा आणि न पटलेल्या ठिकाणी थांबून एकमेकांना विचारावे.

आक्कांच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात आहे. त्या तीनशे चौसष्ट दिवसांत तुम्ही उपासक आणि उपासिका आहात. पण हा शब्द आपण नीट समजून घेतलेला नाही. मराठीत ‘उपासना’ म्हटले की डोळ्यांपुढे देवघर, फुले आणि नवस येतात. पालीतील अर्थ तसा नाही. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘आस’ म्हणजे बसणे. जो बुद्ध, धम्म आणि संघ यांच्या जवळ बसतो, ऐकतो आणि ऐकलेले आपल्या संसारात उतरवतो, तो उपासक. तो भिक्खू नव्हे. त्याला चीवर नाही, त्याने घर सोडलेले नाही. त्याला बायकामुले आहेत, सोसायटीचे कर्ज आहे, मुलीच्या लग्नाची काळजी आहे. हे सारे सांभाळून तो धम्माच्या मार्गाने चालतो. बुद्धांच्या परिषदा चार: भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका. यांतील दोन आपल्या आहेत, म्हणजे अर्धा धम्म गृहस्थांच्या अंगणात उभा आहे.

हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी शाक्यांच्या महानामाने खुद्द बुद्धांना विचारला होता: मनुष्य उपासक केव्हा होतो? अंगुत्तर निकायात ही हकीगत आहे. उत्तर असे, की त्रिशरण घेतले म्हणजे तो उपासक झाला. मग महानामाने विचारले, शीलवान उपासक केव्हा होतो? पाच शिले पाळू लागला म्हणजे. तरीही महानाम थांबला नाही. स्वतःचे आणि इतरांचेही हित करणारा उपासक कोणता, असे त्याने विचारले. तेव्हा बुद्ध म्हणाले, की जो स्वतः श्रद्धा, शील आणि त्याग अंगी बाणवतो, धम्म ऐकतो, ध्यानात ठेवतो, त्याचा अर्थ तपासतो, तसा वागतो आणि दुसऱ्यालाही त्या वाटेवर आणतो, तो. ही तीन पायऱ्यांची शिडी आहे. आपल्यापैकी पुष्कळजण पहिल्या पायरीवर चढतात, फोटो काढून घेतात आणि तेथेच बसतात.

पहिली पायरी म्हणजे शरण जाणे. ‘शरण’ शब्दाने नव्या माणसाचा गोंधळ होतो. आपल्या वाडवडिलांना शरण जाणे फार परिचयाचे होते. पाटलाला शरण, सावकाराला शरण, देवाला शरण. त्यात हात पसरणे होते, गुडघे टेकणे होते. बुद्धाला शरण जाताना आपण काही मागत नाही. बुद्ध नवसाला पावत नाहीत, पाऊस पाडत नाहीत, आजार बरा करत नाहीत. ते मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, हे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट केले आहे. वाटाड्यावर विश्वास ठेवून आपण आपल्याच पायांनी चालतो, तसे हे शरण जाणे आहे. म्हणून बुद्धमूर्तीपुढे नारळ फोडणारे कुटुंब दिसले, की मला राग येत नाही, पण वाईट वाटते. त्यांनी देव बदलला, धम्म स्वीकारला नाही.

आता बाबासाहेबांनी केलेली एक फार मोठी गोष्ट सांगतो. ती आपल्या लोकांच्या लक्षात राहत नाही.

जुन्या काळी भिक्खू होणाऱ्याला संघाची दीक्षा होती. तिचा विधी होता, नियम होते, पंधरवड्याला पातिमोक्खाची उजळणी होती. गृहस्थासाठी मात्र धम्माची वेगळी, सर्वांसमक्ष होणारी दीक्षा नव्हती. त्रिशरण म्हटले की काम झाले. त्यामुळे गृहस्थ आज विहारात, उद्या यज्ञाला, परवा देवीच्या जत्रेला असा फिरत राहिला. त्याला कोणी अडवले नाही आणि त्यालाही आपण कोण हे नक्की कळले नाही. ही उणीव भारतातून बौद्ध धम्माचा ऱ्हास होण्याच्या कारणांपैकी एक होती, असे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात लिहिले आहे. विहार उद्ध्वस्त झाले तेव्हा भिक्खू मारले गेले किंवा परागंदा झाले, आणि मागे उरलेल्या गृहस्थाकडे धम्म टिकवण्याची ना सवय होती, ना बांधिलकी.

हे ध्यानात घेतले म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय घडले त्याचा अर्थ उलगडतो. त्या दिवशी बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले. पुढे जमलेल्या लाखो लोकांना दीक्षा कोणी दिली? कोणा भिक्खूने नव्हे, खुद्द बाबासाहेबांनी दिली. चीवर नसलेल्या एका उपासकाने दिली. आणि त्रिशरण-पंचशीलाला त्यांनी बावीस प्रतिज्ञांची जोड दिली. हीच ती राहून गेलेली गृहस्थाची धम्मदीक्षा. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी प्रत्येक बौद्धाला दुसऱ्यास दीक्षा देण्याचा अधिकार आहे असेही जाहीर केले. म्हणजे गडमुडशिंगीच्या आक्कांना तो अधिकार आहे, आणि तो त्यांना कोणी संस्था किंवा पुढारी देत नाही.

बावीस प्रतिज्ञांवर बाहेरचे लोक नेहमी एक आक्षेप घेतात, की त्यात नकारच फार. पहिल्या आठांत मुख्यतः नकार आहे हे खरे: देव मानणार नाही, अवतार मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. पण ज्याच्या घरात अंधार आहे त्याने आधी खिडकी उघडायची असते. पुढे वाचा. सर्व माणसे समान आहेत, समतेसाठी झटेन, अष्टांगमार्ग आणि दहा पारमिता पाळीन, प्राणिमात्रांवर दया करीन, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि दारू यांपासून दूर राहीन, प्रज्ञा, शील आणि करुणा यांवर जीवन उभारीन. मधोमध ही पाच शिलेच मराठीत आली आहेत. बावीस प्रतिज्ञा आणि पंचशील ही दोन वेगळी ओझी नाहीत. पालीत जे म्हणतो ते आपल्या बोलीत कळावे आणि जुन्या घराचा दरवाजा पक्का बंद व्हावा, म्हणून त्या आहेत.

दरवाजा बंद करणे आपल्या भागात किती कठीण आहे हे मी जाणतो. कोल्हापूर ही अंबाबाईची नगरी, वर जोतिबा, खाली सौंदत्तीची यल्लमा. आपल्या कित्येक घरांत आजीच्या काळापासून जग आहे, परडी आहे. मुलीच्या केसांत गुंता झाला की म्हातारी माणसे म्हणत, जट आली, आईचे बोलावणे आले. त्या एका जटेपायी किती मुली देवाला सोडल्या गेल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे या सीमाभागाला सांगायला नको. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली या प्रथेविरुद्ध कायदे केले. पण कायदा उंबऱ्याच्या बाहेर उभा असतो. उंबऱ्याच्या आत प्रतिज्ञा असते. केस गुंतले तर ते धुवावेत, तेल लावून विंचरावेत, न सुटले तर कापावेत. एवढे केले तरी एका मुलीचे आयुष्य वाचते. ज्या घराने परडी विसर्जित केली नाही, त्या घरात मुलगी तापाने फणफणली की परडीच आधी आठवते आणि डॉक्टर नंतर.

अंगुत्तर निकायात शकुन-अपशकुन, मंगळ-अमंगळ यांवर विसंबणाऱ्या उपासकाविषयी बुद्धांनी फार कडक शब्द वापरला आहे. तो शब्द आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या जातीची शिवी म्हणून ऐकावा लागला, म्हणून मी तो येथे लिहीत नाही. त्याच बुद्धांनी वसल सुत्तात सांगितले, की जन्माने कोणी नीच होत नाही आणि जन्माने कोणी श्रेष्ठ होत नाही, कर्माने होतो. तेव्हा तो शब्द जातीसाठी नाही, वागण्यासाठी आहे, हे समजून घ्यावे आणि पुढे जावे.

आता पंचशीलाकडे वळू. आपण रोज म्हणतो, पण त्यातले तीन शब्द क्वचितच कोणी समजावून सांगतो. ‘वेरमणी’ म्हणजे परावृत्त होणे, दूर राहणे. ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याचा नियम. ‘समादियामि’ म्हणजे मी स्वतः होऊन अंगावर घेतो. या तीन शब्दांत कोठेही आज्ञा नाही, शाप नाही, पापाची भीती नाही. कोणी तुमच्याकडून शील घेत नाही, तुम्ही ते घेता. आणि हा शिकण्याचा नियम असल्यामुळे शिकणाऱ्याचे चुकते हेही त्यात गृहीत आहे. शील मोडले तर प्रायश्चित्ताची दक्षिणा द्यायची नाही. आपली चूक मान्य करायची, पुन्हा त्रिशरण-पंचशील म्हणायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. म्हणूनच आपण ते प्रत्येक वेळी नव्याने घेतो.

पहिल्या शिलावर आपल्याकडे हमखास एक प्रश्न येतो, आणि कोल्हापुरात तो आला नाही तरच नवल: मटण खाल्ले तर शील मोडले काय? बुद्धांनी उपासकाला शाकाहाराची सक्ती केलेली नाही. भिक्खूलाही, आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला, तर ते मांस घेऊ नये एवढाच नियम होता. बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या आहेत आणि निर्णय माणसाच्या विवेकावर सोपवला आहे. त्यामुळे शेजाऱ्याच्या ताटात डोकावून कोणी बौद्धपण मोजू नये. पण जत्रेत देवापुढे बोकड कापणे ही गोष्ट निराळी. तेथे भूक नसते, भय असते, आणि त्या भयापोटी एक मुका जीव मारला जातो. जे कुटुंब दीक्षेनंतरही भाऊबंदांच्या बोकडात वर्गणी भरते, ते पहिले शील आणि प्रतिज्ञा दोन्ही एकदम मोडते. जेवायला बोलावले तर नम्रपणे नाही म्हणा. भांडू नका. चार वर्षे नाही म्हटले की पाचव्या वर्षी ते बोलावणे थांबवतात, आणि कधी कधी त्यांच्यातलाच एखादा विचारायला येतो.

दुसरे, तिसरे आणि चौथे शील यांवर पुढे स्वतंत्र पाठ येतील. येथे एवढेच सांगतो, की वजनात मारणे, मजुराचा पगार अडवून ठेवणे, हजेरीपटावर खोटी सही करणे हे सारे दुसऱ्या शिलात येते. तिसऱ्या शिलाची अपेक्षा फक्त बायकांकडून ठेवायची ही आपल्या पुरुषांची खोड अजून गेलेली नाही.

पाचव्या शिलावर मात्र थांबावे लागेल. दारू पिऊ नये याचे कारण पालीत त्याच वाक्यात दिले आहे: ‘पमाद’, म्हणजे बेसावधपणा. दारूने माणूस सावध राहत नाही, आणि सावध न राहणारा माणूस बाकीची चारही शिले एका रात्रीत मोडू शकतो. आपल्या समाजाला आणखी एक कारण आहे. महारकीच्या काळात मेलेले ढोर ओढायला, वेशीवर रात्रभर जागायला, पावसात निरोप घेऊन धावायला आपल्या माणसांना जुंपले जात होते आणि त्या दुःखावर दारूचा उतारा सांगितला जात होता. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केले. मार्च १९२० मध्ये याच परिसरातील माणगावच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना बाबासाहेबांच्या रूपाने तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला आहे असे सांगितले. वतन गेले, ढोर ओढणे गेले. ज्या गुलामीसाठी दारू दिली जात होती ती गुलामी गेली, मग दारू कशाला ठेवायची? जयंतीच्या मिरवणुकीत नाचताना ज्याच्या तोंडाला वास येतो, त्याला मी बाजूला घेऊन एवढाच प्रश्न विचारतो. उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

उपासकाने कोणता धंदा करू नये याचाही स्पष्ट उल्लेख आहे: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार. आपल्यापैकी कोणी परमिट रूमवर नोकरी करत असेल तर तो लगेच नोकरी सोडू शकत नाही, हे मला कळते. पण दुसरी नोकरी शोधत राहणे त्याच्या हातात आहे. मुलाला त्याच धंद्यात न घालणे हेही त्याच्या हातात आहे.

घरातल्या माणसांशी कसे वागावे, हे गृहस्थाला सांगणारे सर्वांत महत्त्वाचे सुत्त म्हणजे सिगालोवाद सुत्त. याला गृहस्थांचा विनय म्हणतात. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करत होता. बुद्धांनी विचारले, हे कशासाठी? तो म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितले म्हणून. बुद्धांनी त्याला हसले नाही की वडिलांना नावे ठेवली नाहीत. त्यांनी दिशांचा अर्थच बदलून टाकला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे बायकामुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-मजूर आणि वरची म्हणजे श्रमण. नमस्कार कसा करायचा? त्यांच्याशी नीट वागून. घरातल्या म्हाताऱ्यांशी बोलताना बुद्धांची ही रीत लक्षात ठेवा. सासूबाईंच्या हातून देव हिसकावून घेऊ नका. त्यांच्या नमस्काराला नवा अर्थ द्या.

या सुत्तातील दोन जागा मी नेहमी दोनदा वाचून घेतो. एक नवऱ्याची पाच कर्तव्ये: बायकोचा मान राखणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी प्रामाणिक राहणे, घरचा अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला दागिने-वस्त्र देणे. ‘अधिकार देणे’ हा शब्द आला की पुरुषांच्या बाजूला शांतता पसरते आणि बायकांच्या बाजूला हसू. हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे वाक्य आहे, आणि पगाराचे पाकीट अजून पुष्कळ घरांत नवऱ्याच्याच खिशात असते. दुसरी जागा मजुरांची. मालकाने कामगाराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि मजुरी द्यावी, आजारात त्याची काळजी घ्यावी, गोडधोडात वाटा द्यावा आणि वेळेवर सुटी द्यावी. कारखान्यात राबणाऱ्या आपल्या मुलांना हे वाचून दाखवा. आणि ज्यांच्या शेतावर किंवा घरी दुसरे कोणी राबते, त्यांनी ते स्वतःला वाचून दाखवावे.

याच सुत्तात मिळकतीची वाटणी सांगितली आहे: एक भाग खर्चाला, दोन भाग धंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. बाबासाहेबांनी दीक्षेनंतर आपल्या माणसांना उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले. विसावा म्हणजे शंभर रुपयांत पाच. नवीन दीक्षित घरांत मी ऐकतो, की पूर्वी देवाला जायचे ते तरी वाचले. मी म्हणतो, मग त्याचाच हिशेब मांडा. वर्षातली जत्रा, नवस, बोकड, गोंधळ, तेराव्याचे जेवण आणि त्यासाठी काढलेले व्याजी पैसे, सारे कागदावर लिहा. विसावा हिस्सा त्यापुढे थोडा वाटेल. आणि तो हिस्सा कोठे जातो हे विचारण्याचा हक्क देणाऱ्याला आहे. विहाराच्या जमाखर्चाची वही पौर्णिमेला सर्वांसमोर वाचली गेली पाहिजे. जेथे ती वाचली जात नाही तेथे तंटे सुरू होतात, हे मी पाहिले आहे.

दान ही गोष्ट आपल्याला कोणी नव्याने शिकवलेली नाही, हे कोल्हापूरच्या माणसाने तर विसरूच नये. या शहराच्या पोटात एक स्तूप होता. एकोणिसाव्या शतकात त्याचे अवशेष सापडले आणि त्यातील अस्थिपेटीवर ब्राह्मी अक्षरांत एक लहानसा लेख मिळाला. त्याचा अर्थ असा: हे बम्हाचे दान, धमगुताने करवून घेतले. ना राजा, ना सेनापती. दोन नावे, बस. कार्ल्याच्या लेण्यात एका सुताराचे आणि एका सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. दूर मध्य भारतात भरहुतच्या स्तूपावर करहाकटाच्या, म्हणजे आपल्या कऱ्हाडच्या लोकांचे दान आहे. पन्हाळा तालुक्यात पोहाळ्याची लेणी आजही उभी आहेत. जोतिबाला जाणारी वाट तेथून फार दूर नाही. मुलांना घेऊन एकदा जा. ती लेणी कोणी पांडवांनी एका रात्रीत खोदलेली नाहीत. ती अशाच उपासकांच्या पैशातून झाली.

आता महानामाची तिसरी पायरी, दुसऱ्याला वाटेवर आणणे. येथे आपले लोक मागे सरतात. आम्ही अडाणी, आम्हाला पाली येत नाही, भंतेजी सांगतील, असे म्हणतात. त्यांच्यासाठी खुज्जुत्तरेची गोष्ट सांगतो.

कोसंबीच्या राणी सामावतीकडे ती दासी होती आणि पाठीने वाकलेली होती. राणी तिला रोज फुलांसाठी आठ कार्षापण देई. ती चाराची फुले आणी आणि चार स्वतः ठेवी. एके दिवशी माळ्याच्या घरी तिने बुद्धांचे प्रवचन ऐकले. त्या दिवशी तिने आठही नाण्यांची फुले आणली. राणीने विचारले, आज फुले दुप्पट कशी? आणि तिने खरे सांगितले. दासीने चोरी कबूल करणे म्हणजे काय शिक्षा ओढवून घेणे होते याची कल्पना करा. पण राणीने शिक्षा केली नाही. तू काय ऐकलेस ते आम्हालाही सांग, असे म्हटले. तेव्हापासून ही दासी रोज बुद्धांकडे जाई, ऐके, परत येऊन राणीला आणि तिच्या सख्यांना जसेच्या तसे सांगे. ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्या मुखातून आला असे परंपरा सांगते, आणि बहुश्रुत उपासिकांत बुद्धांनी तिला अग्रस्थान दिले. धम्म शिकवणाऱ्या गृहस्थांत पहिला मान चित्त गृहपतीचा. तो व्यापारी होता आणि भिक्खूंच्या शंकांची उत्तरेही देत असे.

४ मे १९५५ रोजी बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. आज तिचे बौद्धाचार्य गावोगावी लग्न, नामकरण आणि अंत्यविधी लावतात. ते गृहस्थच आहेत. कोणी शिक्षक, कोणी एस. टी. खात्यातून निवृत्त, कोणी शेतमजूर. ब्राह्मणाची दक्षिणा गेली आणि त्या जागी बौद्धाचार्याची दक्षिणा आली, असे मात्र कोठे होऊ देऊ नका. जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, चहा द्यावा आणि विधीतील प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांच्याकडून विचारून घ्यावा. ज्याला अर्थ सांगता येत नाही त्याने आधी शिकून यावे.

एक गोष्ट राहिली, आणि ती कागदाची आहे. दीक्षेनंतर पुष्कळ वर्षे आपल्या लोकांना केंद्राच्या सवलती मिळत नव्हत्या, म्हणून शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ लिहिले गेले. त्या आईबापांना मी दोष देत नाही. पोराच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न होता. पण १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. तेव्हापासून ते कारण उरलेले नाही. तरीही शिरगणतीचा माणूस दारात आला की काहीजण धर्माच्या रकान्यात जुनेच सांगतात, काहीजण गप्प राहतात आणि तो आपल्या मनाने भरून घेतो. रकाना डोळ्यांनी पाहून भरा. ‘बौद्ध’ असे म्हणा, आणि त्याने तेच लिहिले आहे ना ते वाचून घ्या. जात कोणती असे विचारले तर अनुसूचित जातीचा दाखला दाखवा. धर्माचा रकाना वेगळा आहे.

पुढील पौर्णिमेपर्यंत प्रत्येक घराने चार कामे करावीत. रोज संध्याकाळी, दिवा लागल्यावर, घरातल्या सर्वांत लहान मुलाने त्रिशरण-पंचशील म्हणावे आणि मोठ्यांनी त्याच्यामागून म्हणावे. मूल अडखळले तर हसू नये. बावीस प्रतिज्ञा कागदावर स्वतःच्या हाताने लिहून भिंतीला लावाव्यात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलाकडून लिहून घेऊन खाली आपला अंगठा उठवावा. वर सांगितलेला जत्रा-नवसाचा हिशेब मांडून आणावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी पौर्णिमेला अष्टशील घ्यावे, म्हणजे त्या दिवशी ब्रह्मचर्य पाळावे, दुपारनंतर जेवू नये, नाचगाणे आणि नटणेमुरडणे टाळावे, साध्या अंथरुणावर झोपावे. मोळ्या वाहणाऱ्या आणि रात्रपाळी करणाऱ्या माणसाने उपाशी राहून तब्येत बिघडवून घेऊ नये. त्याने पंचशीलच नीट पाळावे.

त्या आक्का अजून वाचनाला येतात. आता त्या मागे बसत नाहीत. पुढच्या वेळी सिगालोवाद सुत्तातील पश्चिम दिशा वाचायची आहे, आणि त्या रात्री वाचन त्यांनीच करायचे असे ठरले आहे. त्यांची नात अक्षरे दाखवायला शेजारी बसेल. पुरुषांनी वेळेवर यावे.